डब्यावरची प्रार्थना

मेहरूण, जळगाव
१९ जून १९८७

सूनबाईने ही वही दिली. म्हणाली, "आबा, मनात येईल ते बोलत बसता, घरात कुणाला घास गोड लागत नाही. निम्मं इथं लिहीत जा." ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला वाटते प्रत्येक गोष्टीवर औषध असते. मी चौथी शिकलेला माणूस. अमळनेरच्या तेलगिरणीत पोत्यांची वजने पाटीवर लिहायचो, तेवढेच माझे लिहिणे. तरी लिहितो. आज राग आला आहे आणि ऐकायला कोणी नाही.

माझी नात रिबका यंदा पाचवीला मोठ्या शाळेत गेली. संध्याकाळी सून डबा घासायला घेते तर आत पोळी-भाजी जशीच्या तशी. खोदून विचारले तेव्हा पोर बोलली. काल मधल्या सुट्टीत तिने डबा उघडून, डोळे मिटून जेवणाची प्रार्थना केली. पोरी हसल्या. एक म्हणाली, झोपली का गं? दुसरीने डोळे मिटलेले पाहून पोळीच उचलून नेली. तिसरीने विचारले, तुमच्यात देव कोणता? हिला सांगता आले नाही.

"मग आज काय केलंस?"

"आज डबा उघडलाच नाही. उघडला की प्रार्थना करावी लागते."

मी विचारले, प्रभूची लाज वाटते तुला? ती रडायला लागली. माझा मुलगा याकोब पेपर वाचत होता, तो पेपरातून वरसुद्धा पाहीना. मी म्हटले, माझ्या बापाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही, तरी तो चौकात बसून मोठ्याने प्रार्थना करून भाकर खायचा. आणि त्याच्या पणतीला चार पोरींच्या हसण्याची भीती.

सून म्हणाली, "आबा, पोर दिवसभर उपाशी आहे, आधी जेवू द्या."

जेवली. प्रार्थना मीच केली, मुद्दाम लांब.

२१ जून, रविवार

उपासनेनंतर वळवी पाळकांना गाठले. पाळक म्हणजे अजून पोरगेलासा आहे, सायकलवर फिरतो. त्यांना म्हटले, तुमच्या शब्बाथशाळेत पोरे मेंढराच्या चित्रात रंग भरतात. रंग भरून विश्वास येतो काय? आमच्या मेहरूणातल्या पोरांना मी घरीच शिकवतो, दर रविवारी दुपारी.

पाळक म्हणाले, "अवश्य शिकवा, आबा. फक्त ओरडू नका."

मी ओरडलो नव्हतो. गिरणीत काम केलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो.

२८ जून, रविवार

पहिली शाळा झाली. निंबा कंडक्टरची दोन पोरे, रुक्माबाईची मुलगी आणि आमची रिबका. ओसरीवर सतरंजी टाकली. मी प्रश्नोत्तरे स्वतः तयार केली आहेत, कुठे छापलेली नाहीत.

तुम्ही कोण? ख्रिस्ती. टिळा लावता काय? नाही. मूर्तीपुढे हात जोडता काय? नाही. प्रसाद खाता काय? नाही. कोणी हसले तर भिता काय? नाही.

पोरांनी एका सुरात म्हटले. शेजारच्या झुलाल शिंप्याचे मशीन मध्येच थांबले, म्हणजे त्यालाही ऐकू गेले असणार. जाऊ दे ऐकू. पाठ म्हणून दाखवणाऱ्याला मी लिमलेटची गोळी देतो. निंबाच्या धाकट्याने गोळी घेतल्यावर विचारले, "आबा, ही प्रसादाची आहे का?" मी त्याचा कान धरला.

५ जुलै, रविवार

सून भांडी आवरता आवरता म्हणाली, "आबा, एक विचारू? तुमच्या प्रश्नांना सगळी उत्तरं नाहीच आहेत. पोरांना एखादं हो पण शिकवा की."

मी म्हटले, पहिले उत्तर ख्रिस्ती आहे, ते नाही नव्हे.

"पण ख्रिस्ती म्हणजे काय, ते पुढं कुठं येतं?"

नर्सिंगच्या शाळेत गेलेल्या बाईशी वाद घालू नये. दुपारभर डोके दुखले.

१३ जुलै

रिबकाचा डबा आता रोज रिकामा येतो. सून खूश. मी खूश नाही. डबा उघडते, खाते, म्हणजे प्रार्थना सोडली असणार. विचारले तर म्हणते, "करते आबा." पण खाली बघून म्हणते. खरे बोलणारी पोर वर बघून बोलते.

माझ्या भावाचा मुलगा देवचंद असाच होता. आधी चारचौघांत प्रार्थना सोडली, मग रविवार सोडला, मग लग्नात सत्यनारायण घातला. आता रस्त्यात भेटला तर पलीकडच्या बाजूने जातो. सुरुवात डब्यापासूनच होते. हे घरात कोणाला दिसत नाही, मला एकट्याला दिसते, आणि मग म्हणतात आबा चिडके आहेत.

२६ जुलै, रविवार

आज प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट आमच्या बाकावर आले तसा रिबकाने हात पुढे केला. मंडळीच्या पंचांनी ताट तिच्या डोक्यावरून माझ्याकडे दिले. बरोबरच आहे, बाप्तिस्मा झाल्याशिवाय देत नाहीत. पण सगळे बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाहेर आल्यावर म्हणते, "मला का नाही?"

"तू लहान आहेस. मोठी झालीस, साक्ष दिलीस, बाप्तिस्मा झाला, की मिळेल."

"तोपर्यंत मी कोण?"

"तोपर्यंत गप्प बसायचं."

घरी येईपर्यंत खरेच एक शब्द बोलली नाही. एवढे ऐकते, हे बरे आहे.

२ ऑगस्ट, रविवार



आज झुलालकडे कानबाई देवी बसली. झुलाल मूळचा धुळ्याकडचा, त्याच्याकडे मोठ्या हौसेने करतात. दुपारपासून घर धुणे, दारात रांगोळी, बाहेरगावचे भाऊबंद गोळा झालेले. आमची शाळा चालू असताना भिंतीपलीकडे बायका गाणी म्हणत होत्या. मी प्रश्न विचारायचो आणि पोरे तिकडच्या ठेक्यावर मान हलवून उत्तर द्यायची. शाळा लवकर सोडली. संध्याकाळी बघतो तर रिबका घरात नाही.

मी सरळ झुलालच्या दारात गेलो. आत चौरंगावर कानबाई, नथ घातलेली, नवे पातळ नेसवलेले. बायका परातीत प्रसादाच्या रोटाची कणीक मळत होत्या. आणि माझी नात झुलालच्या कोकिळाला चिकटून बसलेली. ही कोकिळा तिच्याच वर्गात आहे. रिबकाच्या गालात काहीतरी होते, तोंड हलत होते.

मी दंड धरून ओढली. म्हटले, आमच्या पोरीला रोट चारता? बाटवता?

गाणे थांबले. झुलालची बायको धुरपदाबाई उठली. तिचे हात कणकीने भरलेले. ती ओरडली नाही, त्याचाच जास्त राग आला. म्हणाली, "आबा, रोट आम्ही कोनलेच देतस नही. भाऊबंदकीना बाहेर तुकडा जात नही. कोनी मांगं तरी देतस नही. तुमले हाई माहीत नही का?"

मी रिबकाला म्हटले, तोंड उघड. तिने तळहातावर काढून दाखवले. लिमलेटची गोळी. दुपारी मीच दिलेली.

एक म्हातारी हसली. मग सगळ्याच हसल्या.

मला रोटाचे माहीत नव्हते काय? खानदेशात जन्म गेला माझा. पोराबाळांना माहीत असते ते. रागात आठवले नाही, एवढेच. रिबका काहीतरी सांगत होती, "आबा, कोकिळा माझ्यासाठी थांबते, म्हणून मी पण तिच्या..." मी म्हटले, पुरे. घरी आणली. माझ्या बोटांचे वळ तिच्या दंडावर उठले होते. सुनेने ते पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

३ ऑगस्ट

सकाळी वाजतगाजत कानबाई तलावावर नेली. यंदा पाऊस नाही, तलावात पाणी कमी, लोकांना चिखलातून आत जावे लागले असे याकोब सांगत होता. मी दार लावून बसलो.

रिबका शाळेत गेली नाही. ताप नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ जाऊन बसलो, वचन म्हणून दाखव म्हटले. तर म्हणाली, "आबा, कोकिळाकडे रोट घरच्यांनाच देतात. मी घरची नाही. चर्चमध्ये भाकर बाप्तिस्मा झालेल्यांना देतात. मी तिथलीपण नाही. मग मी कुणाची?"

मी म्हटले, असले प्रश्न प्रश्नोत्तरात नाहीत.

असे म्हटले खरे. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. उलट उत्तर देते, दुसरे काय.

९ ऑगस्ट, रविवार

शाळेला निंबाची पोरे आली नाहीत. निंबा स्वतः येऊन गेला, दारातूनच म्हणाला, "आबा, पोरं तुम्हाला घाबरतात. धाकटा झोपेत नाही-नाही म्हणून ओरडतो." मी म्हटले, म्हणजे पाठ झाले. निंबा हसला नाही.

झुलालने कोकिळाला आमच्याकडे यायची बंदी केली आहे. करू दे. बंदी मीच करणार होतो.

३० ऑगस्ट, रविवार

रुक्माबाईनेही मुलगी पाठवायचे बंद केले. रिबका सतरंजीवर येऊन बसते, पण प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही. मी विचारतो, मीच उत्तर देतो. भिंतीपलीकडे मशीन चालू असते. आज गोळी पुढे केली तर म्हणाली, "नको आबा." सतरंजी गुंडाळून ठेवली.

वळवी पाळकांकडे गेलो, भांडायलाच गेलो. म्हटले, तुम्ही लेकरांच्या डोक्यावरून ताट नेता आणि मग म्हणता मंडळीतली पोरे टिकत नाहीत. पाळकांनी नियम सांगितला. समजून घ्यायला हवे, साक्ष द्यायला हवी. मी म्हटले, ते मला पाठ आहे. माझी नात विचारते ती कुणाची, त्याला नियमात उत्तर आहे काय?

पाळक म्हणाले, "आबा, तुम्ही तिला काय उत्तर दिलंत?"

मी उठून आलो. पाळकाने उलटा प्रश्न विचारायचा नसतो.

२२ ऑक्टोबर

आज लक्ष्मीपूजन. दरवर्षी झुलालकडून फराळाचे ताट यायचे. लक्ष्मीपुढचे म्हणून मी हात लावायचो नाही, पण याकोब आणि सून खायचे, आणि मी कुरकुर करायचो. यंदा ताट आले नाही. संध्याकाळपर्यंत दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. असल्या शेजाऱ्यांचे येणार तरी काय. मी खाणार नव्हतोच. पण पाठवायला काय हरकत होती?

१ नोव्हेंबर, रविवार

पाळकांनी जाहीर केले, पुढच्या रविवारी हंगामाचा सण. पिकातले काहीतरी आणायचे, उपासनेनंतर लिलाव, मग प्रेमभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीची पंगत. पाऊस नाही, पीक नाही, लोक आणणार काय? यावलकडचे लोक केळीचे घड आणतील. आम्ही नोकरदार, आमच्याकडे कुठले पीक?

रिबका पाळकांजवळ जाऊन काहीतरी विचारून आली. मला सांगेना.

७ नोव्हेंबर

संध्याकाळी स्वयंपाकघरात सून आणि रिबका गव्हाची कणीक मळत होत्या. गूळ घालून, जाड. पोर तळहाताने थापायची, सून तव्यावर टाकायची. मी विचारले, हे काय?

रिबका म्हणाली, "आपला रोट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटले, रोट म्हणायचे नाही या घरात. रोट कानबाईचा.

"मग काय म्हणू?"

"भाकर म्हण."

"बरं. आपली भाकर." आणि थापायला लागली. एवढ्या महिन्यांनी तिच्या तोंडून 'आपली' ऐकले. पण कुठल्या गोष्टीसाठी, तर कानबाईच्या घरी बघून केलेल्या चिजेसाठी. सुनेला म्हटले, तू तरी बोल. ती म्हणाली, "आबा, तवा तापलाय, बाजूला व्हा."

८ नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर रागात काहीतरी सुटेल.

लिलावात केळी गेली, एक कोंबडा गेला, भोपळे गेले. पंचांनी रिबकाचे ताट उचलले आणि बोली पुकारायला लागले. तशी ही पोर बाकावरून उठून पुढे गेली. सगळ्या मंडळीसमोर. म्हणाली, "हे विकायचं नाही. वाटायचं आहे. मी पाळकांना विचारलंय."

पंचांनी पाळकांकडे पाहिले. पाळक म्हणाले, "हो, मला विचारलंय."

प्रेमभोजनात ती ताट घेऊन फिरली. स्वतः मोडून प्रत्येकाला दिली. निंबाची पोरे, रुक्माबाईची मुलगी, झोळीतले बाळ होते त्याच्याही तोंडाला कण लावला. कोणाच्या डोक्यावरून ताट गेले नाही. माझ्याकडे आली तेव्हा मला लहानच तुकडा दिला आणि एक चांगली मोठी भाकर रुमालात बांधून ठेवली. मला वाटले, घरी गेल्यावर माझ्यासाठी. दात नाहीत म्हणून निवांत खाईन.

मेहरूणात उतरलो तर पोर रुमाल घेऊन सरळ झुलालच्या दाराकडे. मी मागून म्हटले, त्या हसल्या होत्या आपल्याला. मला हसल्या होत्या. परत फिर. ती फिरली नाही. सुनेने घरातून ताट आणून दिले, त्यावर भाकर ठेवली. माझे पाय तिथेच राहिले, ना घरात ना बाहेर.

धुरपदाबाई दारात आली. आधी माझ्याकडे पाहिले. मग भाकरीकडे. "हाई काय शे?"

"आमच्या सणाची भाकर आहे, मावशी."

"तुमना घरनी ना? मंग आमले चालस का?"

रिबका वर बघून बोलली. "आमच्यात सगळ्यांना देतात. मी पण त्या मंडळीचीच आहे, म्हणून मी पण देऊ शकते."

कोणी शिकवले हे तिला? माझ्या प्रश्नोत्तरात नाही. पाळकांच्या रंगीत मेंढरातही मी पाहिले नाही. आणि खरे म्हणजे प्रभुभोजनात सगळ्यांना देतच नाहीत, पण तिथे दारात मी ते बोललो नाही.

धुरपदाबाईने पदराला हात पुसून भाकर घेतली. आत गेली.

मी ओसरीवर बसून राहिलो. राग होताच. कोणावर ते नीट सांगता येत नव्हते, म्हणून याकोबवर काढला, की पेपर बाजूला ठेव म्हणून.

थोड्या वेळाने कोकिळा ताट परत घेऊन आली. धुतलेले होते, पण रिकामे नव्हते. दिवाळीचे शंकरपाळे आणि शेव. कानबाईनंतर पहिल्यांदाच ती आमच्या उंबऱ्यात आली, एक पाय बाहेर ठेवूनच. माझ्याकडे घाबरून बघत होती. मी काय वाघ आहे?

रिबकाने विचारले, "आबा, खाऊ?"

आम्ही प्रसाद खातो काय, याचे उत्तर मला पाठ आहे. ते जिभेवर आले होते. पण मला का विचारते ही, आजवर काही विचारून केले आहे काय? मी म्हटले, "मला काय विचारतेस. तुझ्या देवाला विचार."

ती तिथेच उंबऱ्याशी बसली, ताट मांडीवर. कोकिळा तिच्या शेजारी टेकली. रिबकाने हात जोडले, डोळे मिटले. आणि कोकिळाने काय करावे, तर ताटावर आपला हात आडवा धरला, पाखरे हाकलतात तसा, आणि रस्त्याकडे बघत बसली.

मी विचारले, "हे काय गं?"

कोकिळा हळूच म्हणाली, "पोरी डबा उचलतात ना आबा. ती आमेन म्हणेपर्यंत मी हात लावू देत नाही कुणाला."

"कधीपासून?"

"जूनपासून. आमच्या कानबाईच्या आधीपासून."

रिबका मोठ्याने म्हणत होती. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिचा आवाज माझ्यावर गेला आहे. अन्नाबद्दल उपकार मानले, मग आईचे, बापाचे, धुरपदामावशीचे, कोकिळाचे. माझे नाव शेवटी आले, पण आले. तिच्या दंडाकडे माझे लक्ष गेले. तिथे आता काही नव्हते.

आमेन झाले. कोकिळाने हात काढला. दोघींनी खायला सुरुवात केली आणि एक शंकरपाळा माझ्यापुढे धरला.

प्रार्थनेत मी डोळे मिटायचेच विसरलो होतो.